सूर्याची राख कोण काढतं?

आधी माफी मागते. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरातच. पप्पा लूमवर आहेत, आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहून दे, असं मला सांगितलं गेलं, तेव्हा आईने विचारलं, "कोणावर लिहिणार?" मी म्हटलं, "धुडकू नानांवर." आई म्हणाली, "त्यांच्यावर काय लिहायचं? ते तर रोज दिसतात."

मी तिथेच अडले होते. रोज दिसणाऱ्या माणसावर लिहायचं तर कोणाची परवानगी घ्यायची असते, मला माहीत नाही. म्हणून वाचकांचीच घेते. चूक सापडली तर ती फिजिक्सची आहे की मराठीची, एवढं मात्र कळवा.

तर, धुडकू नाना रोज सकाळी सूर्य तपासतात.

पूजा नाही, अर्घ्य नाही, हात जोडणं नाही. तपासतात. रातपाळी करून पांडेसऱ्याहून आले की खोलीचं कुलूपही न उघडता सरळ अगाशीवर जातात. (गच्चीला आम्ही सुरतेत अगाशी म्हणतो.) आमच्या नवागामातल्या बिल्डिंगीसमोर एक पाण्याची टाकी आहे, तिच्या मागून सूर्य वर येतो. नाना खिशातून एक निळी काच काढतात. ही काच बॉयलरच्या भट्टीत डोकावायची. ती ते डोळ्यापुढे धरतात, मीटर वाचावा तसे थोडा वेळ बघतात आणि कठड्यावरून खाली ओरडून सांगतात, "आज प्रेशर बरोबर शे!" (शे म्हणजे आहे.)

मी खूपदा सांगितलं, नाना, काच असली तरी सूर्याकडे असं बघू नका, डोळे जातील. ते म्हणतात, "भट्टीकडे बघून गेले नाहीत, याच्याकडे बघून काय जातील?"

खाली नळाशी ब्रश करत उभी असलेली माणसं या रिपोर्टाची वाट बघत असतात. आमच्या मजल्यावर बिश्वनाथभैया म्हणून एक ओडिशाचे लूमवाले राहतात. त्यांना नानांची अहिराणी निम्मीही कळत नाही, पण तोंडातला फेस सांभाळत तेच सगळ्यांत आधी विचारतात, "नाना, रिपोर्ट?"

ढग असले तर रिपोर्ट येतो, "कोणीतरी ओला कोयसा टाकी दिन्हा!" थंडीत सूर्य उशिरा वर आला की, "रातपाळीवाला झोपला असेल." आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास, सकाळीच पत्रे तापायला लागतात तेव्हा, "आज फुल लोड. लेकरं सांभाळा."

नाना पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर आहेत. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरला नाना. खान्देशातल्या पारोळ्याकडून तरुणपणी आले ते आगीसमोर उभे राहिले आणि तिथेच राहिले. बॉयलरच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्वतः मोठ्याने बोलतात आणि फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. नानांची बायको, आमच्या काकू, गावाकडे म्हाताऱ्या सासूपाशी असतात. त्यामुळे नानांच्या घरातलं सगळं बोलणं आख्ख्या मजल्याला माहीत असतं. ते लपवतही नाहीत.

जगातली प्रत्येक गोष्ट नाना बॉयलरच्या मापाने मोजतात. भांडखोर माणसाबद्दल, "त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय." उपास करणाऱ्या बाईला, "नुसत्या पाण्यावर वाफ धरत नाही, माय." आणि सगळ्यांत लाडकं वाक्य, "आधी पाणी देख." बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते काचेच्या नळीत बघायचं असतं. पाणी न बघता आग पेटवली तर बॉयलर जातो, आणि माणूसही. नानांनी हे वाक्य मिलमधून घरी आणलं आणि सगळीकडे लावलं. मी बारावीला सायन्स घेतलं, तर "आधी पाणी देख". माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे आमच्या खोलीत पोहे खात बसले होते, तर नाना दारात येऊन नवऱ्या मुलाला म्हणाले, "बोल, आधी पाणी बघतो का आधी आग?" मुलगा घाबरून "पाणी" म्हणाला. नाना म्हणाले, "द्या मुलगी." लग्न झालं. सुखात आहेत.

मी कॉलेजात फिजिक्स घेतल्यावर नानांनी माझं नाव टाकून दिलं. मला ते "कॉलेज" म्हणायला लागले.

"काय वं, कॉलेज," एका सकाळी त्यांनी मला जिन्यात अडवलं, "सूर्यात कोळसा कोण टाकतं?"

आमचा तेव्हा नुकताच सूर्याचा धडा झाला होता. एवढ्या हौसेने मला आजपर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाना, सूर्यात कोळसा नाही. तो जळतच नाही, म्हणजे आपण जळणं म्हणतो तसा नाही. तो नुसता वायूचा गोळा आहे, बहुतेक हायड्रोजनचा. पण गोळा इतका मोठा, की त्याचं स्वतःचंच वजन त्याला आत दाबतं. मधोमध एवढा दाब आणि एवढी उष्णता होते, की हायड्रोजनचे कण एकमेकांत घुसतात. चारांचा मिळून एक होतो, त्याला हेलियम म्हणतात. पण त्या एकाचं वजन आधीच्या चारांपेक्षा थोडं कमी भरतं.

"वजनात मारलं?" नाना म्हणाले. "कोळशाच्या गाडीत मारतात तसं?"

"नाही. जेवढं वजन कमी भरलं, त्याचाच उजेड आणि उष्णता होते. तेच ऊन."

नानांनी डोकं खाजवलं. "आणि हे जे हेलियम झालं, ते म्हणजे राख."

"हो, तसंच म्हणा."

"मग ती राख कोण काढतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. ती आत मधोमध साठत जाते."

नाना एकदम भडकले. "काढतच नाहीत? एवढी मोठी भट्टी आणि राख काढत नाहीत? कोण ऑपरेटर आहे? मेमो द्या त्याला!" खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, कोणाला मेमो मिळाला. नाना ओरडले, "सूर्याच्या माणसाला!"

मी घाईघाईने सांगितलं की ऑपरेटरची गरजच नाही. आत जास्त तापलं तर गोळा थोडा फुगतो, फुगला की थंड होतो. कमी तापलं तर वजनाने दबतो, दबला की पुन्हा तापतो. वजन आत ओढतं, उष्णता बाहेर ढकलते, आणि दोघांचं जमलेलं आहे.

हे ऐकून नाना पायरीवर बसले.  मग हळू आवाजात, म्हणजे साधारण आपण बोलतो त्या आवाजात, म्हणाले, "म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह अंगातच आहे."

"हो."

"आणि माल किती शिल्लक आहे?"

"अजून पाचशे कोटी वर्षं पुरेल, असं म्हणतात."

नाना उठले, जिना उतरले, आणि प्रत्येक दारात थांबून सांगत गेले, "घाबरायचं काम नाही. माल भरपूर आहे." त्याआधी कोणी घाबरलेलं नव्हतं. पण खरं सांगते, त्या दिवशी सगळ्यांना जरा बरं वाटलं.

आता कैलासबद्दल सांगायला हवं. कैलास नानांचा एकुलता एक मुलगा. त्याने आगीजवळ उभं राहू नये, एवढी एकच इच्छा नानांची होती. म्हणून त्याला जहाजावरच्या कामाचं शिक्षण दिलं. समुद्र म्हणजे चोहीकडे पाणी, आग कुठली, असा नानांचा हिशोब. कैलास पास झाला, जहाजावर चढला आणि त्याला काम मिळालं इंजिनरूममध्ये. पहिल्या फोनवर तो म्हणाला, "नाना, इथे पण बॉयलर आहे." नाना फोन हातात धरून इतके गप्प झाले की मला वाटलं लाइन कटली. मग म्हणाले, "आधी पाणी देख."

जहाज जुनं आणि लहान. त्याच्यावर इंटरनेट नाही. बंदराला लागलं की फोन, नाहीतर नाही. आणि फोन आला तरी बापलेकांकडे बोलायला काही नसायचं. नाना विचारायचे, "जेवना का?" तिकडून यायचं, "जेवनू." जेवलास का, जेवलो, एवढंच. मग दोघंही थोडा वेळ श्वास घ्यायचे आणि फोन ठेवायचे. थंडी संपता संपता आलेल्या फोनवर मात्र कैलास एक वाक्य जास्त बोलला. "नाना, इथे समुद्रावर तारे इतके दिसतात, तुम्ही सुरतेत कधी बघितले नसतील एवढे." नाना म्हणाले, "हां." पुढे त्यांना काही सुचलं नाही. कैलासलाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, रातपाळीला निघण्याआधी, नाना माझ्या दारात. "कॉलेज, अगाशीवर चल. ताऱ्यांचं सांग."

आमच्याकडचं आकाश म्हणजे धूर आणि दिवे. अंधार पडताना तुरळक तारे दिसतात, तेही टाकीच्या वरच्या बाजूला. मी सांगितलं, प्रत्येक तारा म्हणजे एक सूर्यच आहे. दूर आहे म्हणून टिकलीएवढा दिसतो.

"एवढे बॉयलर! आणि ऑपरेटर एकही नाही!" नानांना हे आता आवडायला लागलं होतं.

मी सांगितलं, निळसर तारे जास्त तापलेले, तांबडे त्यामानाने कमी. मोठे तारे माल भसाभस संपवतात आणि लवकर विझतात, लहान जपून वापरतात. नाना प्रत्येक गोष्ट पुन्हा माझ्याकडून म्हणवून घ्यायचे, मग स्वतः म्हणायचे. पाठ करत होते. असं बऱ्याच संध्याकाळी चाललं. मी मनातल्या मनात म्हणायचे, एवढं सगळं यांना कशाला हवंय? पण विचारलं नाही.

मग उजेडाच्या वेगाची गोष्ट निघाली. सूर्याच्या पोटात तयार झालेला उजेड धडपडत बाहेर यायला हजारो वर्षं लागतात. ("पाइपलाइन खराब," नाना म्हणाले.) आणि एकदा बाहेर पडला की आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं.

"आठ मिनिटं? म्हणजे मी रोज सकाळी देतो तो रिपोर्ट शिळा?"

त्यांना फार लागलं ते. पण माणूस प्रामाणिक. दुसऱ्या दिवसापासून रिपोर्ट बदलला, "आठ मिनिटांपूर्वी प्रेशर बरोबर होतं! आत्ताचं माहीत नाही!" बिश्वनाथभैयांनी मला खोपच्यात घेऊन विचारलं की नानांची नोकरी गेली की काय.

त्याच ओघात मी बोलून गेले. मी म्हटलं, सूर्याचं आठ मिनिटांचंच आहे, ताऱ्यांचा उजेड तर वर्षानुवर्षं वाटेत असतो. आपण बघतो तो तारा तेव्हाचा. आता कदाचित विझलाही असेल, आपल्याला मात्र दिसत राहील. हे वाक्य मी मोबाइलवर कुठेतरी ऐकलं होतं आणि मला ते फार सुंदर वाटलं होतं.

नानांनी पुन्हा एकदा वर बघितलं. डबा उचलून कामावर गेले.

होळी आली आणि गेली. कैलासचा फोन नाही. एव्हाना जहाज बंदराला लागायला हवं होतं. जहाजाच्या कंपनीत फोन लावला की एक माणूस म्हणायचा, सगळं ठीक आहे. नाना विचारायचे, "तुम्ही स्वतः बोलला त्याच्याशी?" तो म्हणायचा, कॅप्टनचा मेल आहे. नाना फोन ठेवून आम्हाला सांगायचे, "गेज न बघता रिपोर्ट भरतो हा माणूस."

आखाजी जवळ आली. आमच्याकडचे अर्धे लोक गावी जायला निघाले. खान्देशातला माणूस दिवाळीला एखाद्या वेळी सुरतेत राहील, आखाजीला नाही राहणार. नानाही दरवर्षी जातात. या वर्षी म्हणाले, मिल रजा देत नाही. मिल रजा देत होती. पप्पांनी मला सांगितलं की नानांच्या गावात शेतापाशी नेटवर्क येत नाही.

आणि अशात एका दुपारी नानांच्या मोबाइलवर निरोप आला. अनोळखी नंबर. कैलासच्या जहाजावरून होळीनंतर लहान बोटीने सुट्टीवर उतरलेला एक मुलगा होता, घरी जाऊन आजारी पडला, त्यामुळे उशीर झाला, माफ करा, असं त्याने लिहिलं होतं. खाली कैलासने त्याच्याकडे रेकॉर्ड करून दिलेला आवाज. नानांनी स्पीकर लावला. "नाना, मी कैलास. आज होळी. इथे पोरांनी इंजिनचं ऑइल एकमेकांना फासलं. मी बरा शे. काळजी करू नका."

मजल्यावर एकच आरडाओरड झाली. आईने साखरेचा डबा काढला. बिश्वनाथभैयांनी नानांना मिठी मारली. नाना मात्र फोनकडे बघत उभे होते.

"होळीचं बोलतोय," ते म्हणाले. "होळी कधीच झाली. हा उजेड जुना आहे."

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. साखर माझ्या तोंडात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना अगाशीवर गेलेच नाहीत. कुलूप काढून थेट खोलीत. खाली माणसं ब्रश हातात धरून वर बघत राहिली. सूर्य आला, पण तो आला असं कोणी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. बिश्वनाथभैया म्हणाले, "अच्छा नहीं लगता."

मी कॉलेजात आमच्या फिजिक्सच्या मॅडमना गाठलं. एरवी त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही. मी विचारलं, मॅडम, आपल्याला दिसणारे तारे खरंच विझलेले असू शकतात का? मॅडम हसल्या. म्हणाल्या, ते वाक्य सगळ्यांना आवडतं, पण नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे त्यामानाने जवळचे असतात. त्यांचा उजेड वाटेत असतो तो थोडकी वर्षं, फार तर काही हजार. आणि तारा जगतो लाखो, कोट्यवधी वर्षं. एवढ्याशा वेळात कुठे विझतोय तो? जे दिसतात ते जवळजवळ सगळे आत्ताही पेटलेले आहेत.

मी बसमधून उतरले ती धावतच नानांच्या दारात. नाना कामावर जायला निघाले होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

नानांनी डबा खाली ठेवला. "जवळजवळ सगळे?"

"हो."

"जवळजवळ म्हणजे? बॉयलरमध्ये जवळजवळ पाणी चालतं का?"

 मी म्हटलं, "नाना, एवढी मोठी आग अशी पटकन विझत नाही. एवढं खरं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डबा उचलला. जिन्याच्या वळणावरून त्यांचा आवाज आला, "हे आधी सांगायचं होतं, कॉलेज."

दुसऱ्या दिवशी सकाळी अगाशीच्या जिन्यावर पावलं वाजली. मी आणि आई मागोमाग गेलो. नाना कठड्याशी उभे, हातात निळी काच. खाली नळाशी माणसं जमली होती. नानांनी काच डोळ्याला लावली आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

नंबर लांबलचक, बाहेरच्या देशाचा. नानांना बटण सापडेना. आईने दाबून दिलं. स्पीकर.

"नाना? कैलास बोली ऱ्हायनू."

नानांनी फोन तोंडासमोर आणला. तिकडून पुन्हा, "नाना? ऐकू येतंय का? जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. आत घ्यायला नंबरच लागत नव्हता. काल लागलं. आत्ता खाली उतरलो, कार्ड घेतलं."

नानांच्या तोंडून आलं ते नेहमीचंच. "जेवना का?"

"जेवी ऱ्हायनू," कैलास म्हणाला, म्हणजे जेवतोय. त्याच्या तोंडात घास होता, ते आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं. मागे भांडी वाजत होती. "बंदराबाहेर एक खानावळ आहे. भात आहे आणि मासा."

मग नेहमीसारखे दोघंही गप्प झाले. एरवी फोन इथेच संपायचा. मी बघत होते. नानांनी काच खिशात टाकली, फोन दोन्ही हातांत धरला.

"तठे सूर्य कसा शे?"

"डोक्यावर आलाय," कैलास हसला. "फुल लोड."

"ऐक," नाना म्हणाले, आणि मग थांबलेच नाहीत. "तू म्हणाला होतास ना, तारे खूप दिसतात? ते सगळे सूर्यच. प्रत्येकात भट्टी. कोळसा नाही. चार कण दाबले की एक होतो, वजनात मारतात, त्याचा उजेड. राख काढत नाहीत, आतच ठेवतात. सेफ्टी व्हॉल्व्ह अंगात. निळा दिसला तर जास्त तापलेला. आणि जे दिसतात ते सगळे आत्ता पेटेल शेतस. सगळे. कॉलेजने मॅडमना विचारलंय." 'जवळजवळ' हा शब्द त्यांनी गाळला. मी मधे बोलले नाही.

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला होता. "नाना, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तू सांग आता. तुला किती दिसतात?"

आणि कैलास सांगायला लागला. मी आईकडे बघितलं. आई पदराने नाक पुसत होती. इतक्या संध्याकाळी नाना माझ्याकडून काय गोळा करत होते, ते मला तेव्हा समजलं.

फोन बराच चालला. तिकडचे पैसे संपले आणि तो बंद पडला. नाना कठड्याला धरून उभे राहिले. खालची माणसं अजून हलली नव्हती. ब्रश करून झालेले, पाणी भरून झालेले, सगळे माना वर करून उभे. बिश्वनाथभैयांनी धीर करून विचारलं, "नाना, रिपोर्ट?"

नाना वाकले. सगळी ताकद लावून, सगळ्या नवागामाला ऐकू जाईल असं ओरडले, "जेवी ऱ्हायना!"

मग त्यांनी श्वास घेतला आणि एक शब्द आणखी टाकला.

"आत्ते!"